०.४ मिलिमीटरची करामत

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे सोलापूर-सांगलीहून रात्रीच्या बसने निघालेले वडील वाटेत लघवी लागेल या भीतीने संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. कुणी विचारलंच तर "वय झालं" एवढंच उत्तर. उपाय असताना हे सोसणं मला फार खटकतं.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असते. तरुणपणी वीसेक ग्रॅमची. उतारवयात आतून वाढली की मार्ग आवळते आणि वरचेवर लघवी लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. आधी गोळ्या, त्या पुरेनाशा झाल्या, लघवी तुंबू लागली, तर शस्त्रक्रिया.

होल्मियम लेझरने ही वाढलेली गाठ सोडवण्याची पद्धत न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. पोटावर छेद नाही. दुर्बीण मूत्रमार्गातूनच जाते. सुमारे २१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश पाणी चटकन शोषून घेतं, म्हणून तो मांसात जेमतेम ०.४ मिलिमीटर शिरतो. त्याची खरी ताकद हीच: कापतो, रक्तवाहिन्याही बंद करतो, पण खोलवर भाजत नाही. संत्र्याचा गर सालीपासून सुटावा तशी गाठ आवरणापासून सुटते. मग ती मूत्राशयात ढकलून, बारीक तुकडे करून ओढून घेतात आणि तपासणीला पाठवतात. शंभर ग्रॅमच्या ग्रंथीसाठी पूर्वी बहुधा पोट उघडावं लागे!

शस्त्रक्रियेनंतर लघवीसाठी घातलेली नळी सहसा एक-दोन दिवसांत निघते. काही आठवडे लघवीवरचा ताबा सैल राहू शकतो. वीर्य बहुतेकदा बाहेर न येता मूत्राशयात जातं. मुलासमोर अवघड वाटलं तर हे डॉक्टरांना एकट्याने विचारावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्याच भेटीत सांगाव्यात.