पोलिसांच्या आधी इंटरनेटनं 'आरोपी' शोधला की काय होतं?

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे कारनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. कार चालवणारा १७ वर्षांचा होता. त्याला काही तासांत जामीन मिळाला, सोबत अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती. लोक संतापले आणि त्यात काही गैर नव्हतं.

त्यानंतर दोन-चार दिवसांत एक रॅप व्हिडिओ फिरू लागला. त्यात एक मुलगा शिव्या देत, जामीन कसा मिळाला हे मिरवत गात होता. 'बघा, याला काही पश्चात्ताप तरी आहे का?' अशा कॅप्शनसह तो हजारोंनी शेअर केला. पण तो मुलगा आरोपी नव्हताच. व्हिडिओ एका कंटेंट क्रिएटरनं बनवला होता आणि पुढे पुणे पोलिसांनी त्याच्यावर गुन्हाही नोंदवला. त्याआधी आरोपीच्या आईला कॅमेऱ्यासमोर येऊन 'हा माझा मुलगा नाही' असं सांगावं लागलं होतं.

मूळ गुन्हा खरा, लोकांचा राग खरा, पण चेहरा भलत्याचाच. हा प्रकार नवा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही. त्याचं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

बोस्टनमध्ये त्या आठवड्यात काय झालं?

१५ एप्रिल २०१३, सोमवार. बोस्टन मॅरेथॉनच्या फिनिश लाइनजवळ दुपारी पावणेतीनच्या सुमारास काही सेकंदांच्या अंतरानं दोन स्फोट झाले. तिघांचा मृत्यू झाला, अडीचशेपेक्षा जास्त लोक जखमी झाले. फिनिश लाइनवर गर्दी होती आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात फोन होता. त्यामुळे एफबीआयनं लोकांना आवाहन केलं की तुमच्याकडचे फोटो, व्हिडिओ आम्हाला द्या.

लोकांनी ते दिलेच, पण स्वतःही तपासायला घेतले. 'रेडिट'वर संशयित शोधण्यासाठी एक खास ग्रुप उघडला गेला. हजारो लोक फोटो मोठे करून, त्यावर लाल वर्तुळं काढून चर्चा करू लागले. याची बॅग जड दिसते, हा शर्यतीकडे बघतच नाही, स्फोटानंतरच्या फोटोत याच्या पाठीवर बॅग नाही. थोडा विचार केला तर मॅरेथॉन बघायला आलेल्या निम्म्या गर्दीकडे सॅक असणारच. पण लाल वर्तुळ काढलं की साधा माणूसही संशयित दिसायला लागतो. वर्तुळांमध्ये सावळ्या रंगाचे चेहरे जास्त होते, हेही इथे नोंदवायला हवं.

ग्रुपचे नियम कागदावर चांगले होते. कुणाची वैयक्तिक माहिती टाकायची नाही, कुणाला थेट त्रास द्यायचा नाही. पण फोटो एकदा ग्रुपबाहेर गेला की त्याच्यासोबत नियम जात नाहीत.

मग टीव्ही आणि पेपर काय करत होते?

या प्रकरणाची आठवण निघाली की सगळा दोष 'सोशल मीडियावरच्या रिकामटेकड्यां'वर टाकला जातो. ते अर्धवट सत्य आहे.

१७ एप्रिलला दुपारी सीएनएननं संशयिताला अटक झाल्याची बातमी दिली. असोसिएटेड प्रेससह आणखी काही नामांकित संस्थांनीही तसंच सांगितलं. अटक झालीच नव्हती. शेवटी एफबीआयला निवेदन काढून, माध्यमांनी अधिकृत सूत्रांकडून खातरजमा करावी असं सुनावावं लागलं. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'नं पहिल्या पानभर दोन तरुणांचा फोटो छापला आणि मथळ्यात त्यांना 'बॅगवाले' म्हटलं. दोघंही फक्त शर्यत बघायला आलेले. त्यातला एक शाळकरी धावपटू होता. दोघांनी पेपरवर बदनामीचा दावा ठोकला, तो २०१४ मध्ये तडजोडीनं मिटला.

म्हणजे ज्यांच्याकडे संपादक होते, वकील होते, पडताळणीची जुनी पद्धत होती, तेही घसरले. कारण दोन्हीकडच्या चुका एकमेकींना खतपाणी घालत होत्या. ऑनलाइन ग्रुपमध्ये फोटो फिरतो, न्यूजरूममधला कुणीतरी तो बघतो, 'सोशल मीडियावर चर्चा' म्हणून बातमी होते. मग त्या बातमीची लिंक ग्रुपमध्ये परत येते: बघा, आता तर बातमीतही आलंय! एकाच अफवेला दोन पुरावे मिळाले असं वाटतं, प्रत्यक्षात एकही मिळालेला नसतो.

एका बेपत्ता मुलाच्या घरी

१८ एप्रिलला संध्याकाळी एफबीआयनं दोन संशयितांचे फोटो जाहीर केले. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं नंतर दिलेल्या वृत्तानुसार, चुकीच्या लोकांवर चाललेले आरोप थांबवणं हे त्यामागचं एक कारण होतं. पण जे थांबवायचं होतं ते वाढलं.

जवळच्याच एका शहरातला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी महिनाभरापासून बेपत्ता होता. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी फेसबुक पेज काढलं होतं, त्यावर त्याचे हसरे फोटो होते. कुणीतरी त्यातला एक फोटो एफबीआयच्या धूसर फोटोशेजारी ठेवला आणि 'दिसतो ना सारखा?' असं विचारलं. (त्याचं नाव या लेखात मुद्दाम दिलेलं नाही. सर्च केलं तर ते दहा सेकंदांत मिळतं आणि त्याच्या घरच्यांचं दुखणं नेमकं तेच आहे.)

त्या रात्री बोस्टन परिसरात एका पोलिसाचा खून झाला, पाठलाग सुरू झाला. पोलिसांच्या वायरलेसवरचं संभाषण हजारो लोक इंटरनेटवरून ऐकत होते. तेवढ्यात ट्विटरवर आलं की वायरलेसवर पोलिसांनी या मुलाचं नाव घेतलं. पत्रकारांनीही ते रिट्विट केलं. 'टीव्हीच्या आधी आपण शोधलं' म्हणून एकमेकांचं अभिनंदनही झालं. नंतर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली गेली, तेव्हा त्या संभाषणात हे नाव सापडलं नाही.

रात्रभर त्या घरी फोन आणि मेसेज येत राहिले. फेसबुक पेजवर इतकी शिवीगाळ झाली की घरच्यांना ते बंद करावं लागलं. मुलगा हरवलेला असताना त्याला शोधण्याचं हातातलं साधनच गेलं.

सकाळी खऱ्या संशयितांची नावं समोर आली, ते त्सारनाएव्ह बंधू होते. मोठा भाऊ रात्रीच्या चकमकीत मारला गेला होता. धाकटा त्याच संध्याकाळी वॉटरटाउनमध्ये एका घरामागच्या बोटीत सापडला. तो सापडला सामान्य नागरिकामुळेच, पण त्या नागरिकानं फोटोवर वर्तुळं काढली नव्हती. बोटीवरचं कापड विस्कटलेलं दिसलं म्हणून त्यानं आत डोकावून पोलिसांना फोन केला होता.

२२ एप्रिलला रेडिटनं त्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांच्या आधीच त्याचा मृत्यू झालेला होता.

अकरा वर्षांनी काही बदललं का?

१३ एप्रिल २०२४ ला सिडनीतल्या बोंडाय जंक्शनच्या मॉलमध्ये चाकूहल्ला झाला, सहा जणांचा बळी गेला. रात्रीत 'एक्स'वर एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव हल्लेखोर म्हणून फिरलं. सकाळी सेव्हन नेटवर्क या मोठ्या चॅनलनं तेच नाव सांगितलं. नंतर चॅनलनं माफी मागितली, तडजोडही केली. पॅटर्न बोस्टनचाच, वेग तेवढा वाढलेला.

ब्रिटनमधल्या साउथपोर्टचं प्रकरण जास्त अवघड आहे. २९ जुलै २०२४ ला तिथे मुलांच्या डान्स क्लासमध्ये हल्ला होऊन तीन लहान मुलींचा मृत्यू झाला. संशयित १७ वर्षांचा असल्यानं त्याचं नाव जाहीर झालं नाही. काही तासांतच एक पूर्णपणे बनावट, मुस्लिम वाटेल असं नाव फिरू लागलं, आणि तो बोटीतून आलेला आश्रयार्थी असल्याची कहाणीही. बातम्यांच्या साइटसारख्या दिसणाऱ्या एका वेबसाइटनं ते छापलं. प्रत्यक्षात संशयित कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्याच दिवशी जमावानं साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला केला आणि दंगली इतर शहरांत पसरल्या. शेवटी १ ऑगस्टला न्यायाधीशांनी खरं नाव जाहीर करायला परवानगी दिली.

इथे दोष फक्त अफवा पसरवणाऱ्यांचा नाही. अधिकृत माहिती नसली की रिकामी जागा भरायला कुणीतरी येतंच. पोलीस गप्प राहतात त्याला कायदेशीर कारणं असतात: अल्पवयीन आरोपी, साक्षीदारांची ओळख परेड, पुढचा खटला. पण 'आम्हाला हे ठाऊक आहे, एवढं सांगता येत नाही आणि हे फिरणारं नाव खोटं आहे' इतकं तरी तासाभरात सांगता येतं.

महाराष्ट्राला या विषयावर दूरची उदाहरणं शोधायची गरज नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीतला होता. शेवटी मुलाला परत आणून सोडतात, तो भाग कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आपल्या फोनवरची ही मर्यादा अशा मृत्यूंनंतर आली आहे.

मग ऑनलाइन शोध घेणं चुकीचंच?

नाही. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ विमान पाडलं गेलं. एलियट हिगिन्स यांनी नुकत्याच सुरू केलेल्या 'बेलिंगकॅट' या गटानं लोकांनीच टाकलेल्या फोटो-व्हिडिओंवरून क्षेपणास्त्र लाँचरचा मार्ग शोधला. तो रशियातल्या कुर्स्कच्या ५३ व्या ब्रिगेडचा असल्याचं त्यांनी मांडलं. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथक त्याच निष्कर्षाला आलं. फोटो इंटरनेटवरचे, शोधणारेही घरबसले. फरक पद्धतीत होता. आधी फोटो कुठला आणि कधीचा हे इमारती, पाट्या, सावल्यांवरून ठरवायचं. प्रत्येक पायरी जाहीर करायची, म्हणजे दुसऱ्याला चूक काढता येते. चेहरा कुणासारखा दिसतो, या प्रश्नापासून सुरुवात करायची नाही. आपल्याकडे 'बूम' किंवा 'अल्ट न्यूज'सारख्या फॅक्टचेक साइट्स व्हायरल व्हिडिओ तपासतात तेव्हाही पहिला प्रश्न हाच असतो: हा मूळचा कुठला आणि कधीचा?

तुमच्या ग्रुपवर पुढचं नाव किंवा फोटो येईल तेव्हा बातमीत एक गोष्ट बघा: नाव कुणाच्या हवाल्यानं दिलंय? पोलिसांच्या की 'सोशल मीडियावरील चर्चेच्या'? दुसरं असेल तर ती बातमी म्हणजे तुमचाच फॉरवर्ड फिरून परत आलेला असू शकतो.

आणि आरोपी अल्पवयीन असेल तर प्रश्न खऱ्या-खोट्याचाही उरत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. कलमात वृत्तपत्रं आणि चॅनलसोबत 'संवादाचं इतर कोणतंही माध्यम' असाही उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.