‘सबमिट’ दाबल्यावर पुढे काय? फॉर्म प्लगइनबाबतचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेचे प्रवेश, क्लासची नावनोंदणी, कोकणातल्या होमस्टेचे बुकिंग, ग्रंथालयाचे सभासदत्व अशा कामांसाठी वेबसाइटवर फॉर्म लागतो. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर फॉर्म बनवणारे तयार प्लगइन मिळतात. विक्रेते जाहिरातीत फॉर्म किती झटपट बनतो आणि किती देखणा दिसतो हे दाखवतात. आपण मात्र भरणाऱ्याने ‘सबमिट’ दाबल्यावर त्याच्या माहितीचे काय होते, हे आधी विचारायला हवे. प्लगइन कामाचा आहे की नाही, ते तिथेच कळते.

गैरसमज १ : फॉर्म भरला गेला, म्हणजे तो आपल्यापर्यंत पोहोचला.

वस्तुस्थिती : वेगळी सोय केली नसेल तर वर्डप्रेस होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच मेल पाठवते. असा मेल खरोखर आपल्या डोमेनचा आहे, याची खात्री मिळवणाऱ्या सर्व्हरला पटतेच असे नाही. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून याबाबतचे नियम कडक केले आहेत. त्यामुळे भरणाऱ्याला ‘धन्यवाद’ दिसते आणि मेल मात्र स्पॅममध्ये पडतो किंवा येतच नाही. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा लोकप्रिय मोफत प्लगइन आलेली माहिती स्वतः साठवत नाही, त्यासाठी फ्लेमिंगो हा जोडप्लगइन बसवावा लागतो. तो नसेल आणि मेल हरवला, तर चौकशीही हरवली.

विचारा : प्रत्येक नोंद वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये राहते का? ती सोय नेमक्या कोणत्या प्लॅनमध्ये आहे? एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या मेल खात्यामार्फत, मेल पाठवण्यासाठी वेगळे काही घ्यावे लागेल का?

गैरसमज २ : एकदा पैसे भरले की प्लगइन कायमचा आपला.

वस्तुस्थिती : परवाना बहुधा एका वर्षाचा आणि ठरावीक संख्येच्या वेबसाइटसाठी असतो. पहिल्या वर्षी दिसणारी किंमत अनेकदा सवलतीची असते, नूतनीकरण पूर्ण दराने होते. मुदत संपली तरी फॉर्म बहुतेक वेळा चालू राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. थांबतात ते अपडेट आणि मदत. हे किती महागात पडू शकते ते पाहा. डिसेंबर २०२०मध्ये कॉन्टॅक्ट फॉर्म ७मध्ये फाइल अपलोडशी संबंधित गंभीर त्रुटी सापडली. जून २०२२मध्ये निंजा फॉर्म्समधल्या त्रुटीसाठी वेबसाइटमालकांची वाट न पाहता सक्तीने अपडेट ढकलावे लागले. नामांकित प्लगइनमध्येही त्रुटी निघतात, म्हणून दुरुस्ती वेळेवर मिळणे महत्त्वाचे. पैसे वाचवायला कुठून तरी उतरवून घेतलेली ‘नल्ड’, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत तर बसवूच नका. तिच्यात घातक कोड दडवलेला असू शकतो.

विचारा : दुसऱ्या वर्षी किती पैसे लागतील? शेवटचे अपडेट कधी आले?

गैरसमज ३ : पेमेंटची सोय आहे, म्हणजे यूपीआयने पैसे येतील.

वस्तुस्थिती : परदेशी प्लगइनमध्ये ‘पेमेंट’ म्हणजे बहुधा स्ट्राइप आणि पेपाल. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१पासून बंद केले. स्ट्राइपने मे २०२४पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच देण्याचे धोरण घेतले. रेझरपेसारख्या भारतीय गेटवेची जोडणी अनेकदा महागड्या प्लॅनमध्ये किंवा तिसऱ्याच कंपनीच्या ॲड-ऑनमध्ये असते.

विचारा : आपला गेटवे नक्की चालतो का? पैसे कापले गेले आणि त्याच क्षणी ब्राउझर बंद झाला, तर नोंद ‘भरणा झाला’ अशी होते का?

गैरसमज ४ : रकान्यांची नावे मराठीत दिसली, म्हणजे मराठी चालते.

वस्तुस्थिती : खरी कसोटी नोंदी बाहेर काढताना लागते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे येऊ शकतात. पावती पीडीएफमध्ये बनत असेल तर आणखी जपा. काही पीडीएफ यंत्रणांना देवनागरीची जुळणी जमत नाही. मग ‘शिंदे’तली पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि ‘प्रज्ञा’तली जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. अशी पावती कुणाच्या हातात देणार?

विचारा : हीच दोन नावे भरून आलेली सीएसव्ही आणि पीडीएफ आम्हाला आधी दाखवाल का?

गैरसमज ५ : अपलोड केलेली कागदपत्रे फक्त आपल्यालाच दिसतात.

वस्तुस्थिती : अनेक प्लगइन फाइल वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये ठेवतात. संरक्षण नसेल, तर लिंक हाती लागलेला कोणीही लॉग-इन न करता ती उघडू शकतो. ती फाइल कुणाचे आधार कार्ड किंवा विद्यार्थ्याचा दाखला असेल तर? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. संमतीची विनंती मराठीत वाचण्याचा पर्यायही भरणाऱ्याला द्यावा लागतो.

विचारा : नमुना फाइलची लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडते का? ठरावीक दिवसांनी नोंदी आपोआप पुसता येतात का?

गैरसमज ६ : कॅप्चा लावला की स्पॅमचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : कॅप्चा यंत्रांना बऱ्यापैकी अडवतो. हाताने जाहिराती भरणाऱ्या माणसांपुढे त्याचे चालत नाही, आणि अवघड कॅप्चामुळे प्रामाणिक माणूसही कंटाळून निघून जातो. माणसाला न दिसणारा सापळा-रकाना आणि शब्दांनुसार गाळणी अशा दोन्ही सोयी आहेत का, ते पाहा.

आता व्यवहाराचे. नाव, फोन आणि निरोप एवढेच हवे असेल, तर काही विकत घेऊ नका. मोफत प्लगइन, एसएमटीपी आणि नोंदी साठवण्याची सोय एवढे पुरते. शुल्क, कागदपत्रे किंवा अटींनुसार बदलणारे रकाने असतील, तर जरूर घ्या. पण पैसे परत मिळण्याच्या मुदतीतच पूर्ण फेरी करून बघा : मराठीत फॉर्म भरा, दहा रुपये भरा, फाइल चढवा, मेल आला का पाहा, सीएसव्ही उतरवा. यातले एक जरी अडले आणि विक्रेत्याकडे उपाय नसेल, तर पैसे परत मागा. आणि फॉर्म कोणताही असो, ज्या माहितीची गरज नाही तिचा रकानाच ठेवू नका.