नवा भुंगेरा, जुन्या पेट्या

खर्डी-कसाऱ्याच्या पट्ट्यात पाऊस लागला की खाचरांत लावणीची घाई उडते. भातशेतीत पुढे पानं गुंडाळणारी अळी येते, आणि तिच्या मागावर येणाऱ्या शिकाऱ्यांत एक चिमुकला भुंगेराही असतो. ओफिओनिया हे त्याचं शास्त्रीय नाव. तांबूस अंग, त्यावर गडद पट्टे आणि लांबी जेमतेम सात-आठ मिलिमीटर. गुंडाळलेल्या पानात शिरून तो अळीचा फडशा पाडतो. एक भुंगेरा दिवसाला तीन ते पाच अळ्या खातो, अशी भातसंशोधकांची नोंद आहे. फवारणीचा खर्च वाचवणारा हा गडी भारतापासून फिलिपिन्सपर्यंतच्या भातशेतीत राबतो.

तो कॅराबिडी कुळातला. या कुळातल्या सुमारे 40 हजार प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. बहुतेक जण रात्री शिकारीला निघतात आणि दिवसा दगडाखाली, पाचोळ्यात दडून बसतात. बिननावाचे अजून कितीतरी उरलेत, विशेषतः उष्ण कटिबंधात. तानसा अभयारण्यात 2014 साली रानपिंगळा दिसला तेव्हा त्याची बातमी झाली. पाचोळ्यातल्या भुंगेऱ्यासाठी मात्र कुणी वाकत नाही.

समजा, शहापूरच्या रानात काठापर्यंत जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात असा एखादा अनोळखी भुंगेरा पडला. तो नवा आहे की नाही, हे तिथे उभं राहून सांगता येत नाही. खरं काम सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होतं. डोळ्याच्या वर राठ केस किती, पंखांच्या कवचावरच्या खाचा किती खोल, पायाची नखं दातेरी की साधी, हे सगळं तपासावं लागतं. तरीही दोन प्रजाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात. मग नराचं जननेंद्रिय अलगद बाहेर काढून त्याचा आकार पाहतात. वाचायला विचित्र वाटेल, पण बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या प्रजातींचा निवाडा अनेकदा तिथेच होतो.

त्यानंतरचं काम अधिक चिवट असतं. आधीच्या कुणी हाच भुंगेरा दुसऱ्या नावाने नोंदवला नाही ना, याची खात्री करावी लागते. भारतातल्या भुंगेऱ्यांना नावं देणं अठराव्या शतकातच सुरू झालं. आपल्या कोरड्या माळांवर धावणारा, काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके मिरवणारा अँथिया घ्या. त्याला लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने 1775 मध्येच नाव दिलं. पुढे एच. ई. अँड्र्यूज यांनी 1929 आणि 1935 साली भारतातल्या या कुळावर दोन जाडजूड खंड लिहिले. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. म्हणजे शहापूरचा भुंगेरा हातात असला तरी त्याच्या चुलत्यांना भेटायला विलायतेला जावं लागतं, नाहीतर तिथून छायाचित्रं मागवावी लागतात. एवढ्या खटपटीमुळेच की काय, नमुना हाती लागल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं.

टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने हे काम आयुष्यभर केलं. पनामात एकाच जातीच्या 19 झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडून त्याने खाली पडलेले किडे गोळा केले. त्यांत भुंगेऱ्यांच्याच सुमारे 1200 प्रजाती निघाल्या. त्यावरून 1982 साली त्याने जगात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी प्रजाती असाव्यात असा अंदाज मांडला. आकडा पुढे बराच खाली आला, पण मोजदादीचा प्रश्न ऐरणीवर आला तो त्याच्यामुळेच. नावं देताना गडी मिश्कील होता. मांड्या फुगलेल्या एका भुंगेऱ्याला त्याने आर्नोल्ड श्वार्झनेगरचं नाव दिलं, तर दुसऱ्या एका देखण्या प्रजातीला केट विन्स्लेटचं.

आपल्याकडे बारसं झाल्यावर आणखी एक पायरी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचे नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावे लागतात. ज्या एका नमुन्यावर नाव बेतलेलं असतं तो होलोटाइप. पुढे कधीही वाद निघाला तर पुरावा तोच. त्याच्या टाचणीला लावलेली चिठ्ठीही तितकीच मोलाची. जुन्या युरोपीय संग्रहांतल्या कित्येक चिठ्ठ्यांवर नुसतं ‘इंड. ओर.’ लिहिलेलं सापडतं, म्हणजे ईस्ट इंडीज. एवढ्या पत्त्यावर मूळ रान कसं शोधणार? आज चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहितात. त्या आधारावर पन्नास वर्षांनी कुणी खर्डीला उतरून तोच ओढा गाठू शकेल आणि पेला पुन्हा तिथेच पुरू शकेल.