लाल शाई संपली म्हणून

२००६ साली आपल्या टपाल खात्याने चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, २०११ मध्ये खादीच्या कापडावर गांधीजींचं. अशी तिकिटं पत्राला कोण लावतंय, ती जपूनच ठेवतात. पण हौशी लोकांना त्याहून ओढ असते ती नमुन्यातच राहिलेल्या, टपालात कधी न आलेल्या तिकिटांची.

१८५३-५४ ची गोष्ट. कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या कर्नल फोर्ब्स यांनी सिंह आणि ताडाचं झाड असलेला सुरेख नमुना केला. पण त्यांच्या यंत्रावर देशाला पुरतील इतकी तिकिटं निघण्याची खात्री नव्हती. नमुना बाजूला पडला. मग कॅप्टन थुलियर यांनी शिळाछापावर अर्ध्या आण्याचं लाल तिकीट छापायला घेतलं. विलायतेहून आणलेली लाल शाई मध्येच संपली आणि इथली लाल शाई त्या दगडांवर चालेना. शेवटी निळं तिकीट निघालं. ते लाल विक्रीला आलंच नाही.

दोन्ही नमुने चांगलेच होते, अडलं ते पुरवठ्यावर. उलव्यात आमच्या बचत गटात मसाल्याचं नवं पाकीट ठरवताना रंगाचं बोलणं नंतर. आधी दुकानदाराला विचारायचं, हाच कागद दिवाळीत पाचशे नग देशील का?