जवानांचे अनुभव ऐकताना

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सेवेच्या आठवणी दोन वाटांनी येतात: सीमेवरून निवृत्त होऊन परतलेले माजी सैनिक आणि इथल्याच रानात नक्षलवाद्यांशी लढलेले पोलीस जवान. दोघांचेही ऐकायला हवे.

● सी-६० : १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवानांचे हे पथक उभारले. भरती स्थानिक तरुणांची, त्यामुळे गोंडी-माडिया जाणणारे जवान आपले अनुभव गावाच्याच बोलीत सांगू शकतात.



● संपर्क कुठे? : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबांची कामे तिथून चालतात. शाळेला वक्ता हवा असेल, तर पहिली विचारणा तिथेच करावी.

● निमित्ताचे दिवस : २६ जुलै कारगिल विजय दिवस, २१ ऑक्टोबर पोलीस स्मृतिदिन (१९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे दहा जवान शहीद झाले), ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन (१९४९ पासून).

● काय विचारावे? : पहिली नेमणूक, सोबती, घरची पत्रे, परतल्यावरचे आयुष्य. ‘किती जणांना मारले?’ हे कधीही विचारू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. म्हणून मोहिमेच्या तपशिलाचा आग्रह नको.

● नोंद ठेवा : परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा आणि वीरपत्नी, वीरमाता यांनाही बोलते करा. घर सांभाळणाऱ्यांचे अनुभव हाही सेवेचाच इतिहास आहे.