डोळे येणे आणि बुबुळाची जखम

डोळे येणे म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ पडद्याचा दाह. जुलै 2023 मध्ये आळंदी परिसरात सुरू होऊन राज्यभर पसरलेली साथ विषाणूंची होती. त्यात डोळा लाल होतो, खुपतो, सारखे पाणी येते. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यांत मात्र घट्ट पिवळी चिपडे धरून सकाळी पापण्या चिकटतात. विषाणूंवर प्रतिजैविक थेंबांचा उपयोग नाही. थंड पाण्याच्या घड्यांनी आराम पडतो आणि त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. संसर्ग हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून पसरतो, नुसते पाहण्याने नव्हे.  

वाशीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात खरी धास्ती बुबुळाच्या जखमेची. सोयाबीनच्या मळणीत उडालेली काडी किंवा उसाचे पाते बुबुळाला ओरखडा काढते आणि त्यातून बुरशी शिरते. काही दिवसांत बुबुळावर पांढुरका डाग दिसतो, डोळा ठणकतो, नजर अंधुक होते. डॉक्टर जखमेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी निघाल्यास नाटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला, पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली उतरवतात, पण आत बुरशी फोफावते. मध, तूप, झाडपाल्याचा रस हेही घातकच. मळणीयंत्रापाशी साधा गॉगल बरीच इजा टाळतो. उपचार लांबले आणि बुबुळावर दाट फूल पडले, तर नेत्ररोपणावाचून नजर परत येत नाही.