कवळी डबीत का पडून राहते?

अब्बांसाठी किंवा दादींसाठी करून आणलेली कवळी डबीत पडून आहे आणि ताटात रोज दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी, असे चित्र अनेक घरांत दिसते. "टोचते, सैल होते," एवढेच ते सांगतात. घरचेही ‘आता वय झाले’ म्हणून विषय सोडून देतात. पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो, घाईचा असतो.

कवळी म्हणजे दुकानात घालून पाहण्याची चप्पल नव्हे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत साच्याचे काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे लगेच पटेल. आधी माप, मग साचा, मग नमुना आणि नमुना पास झाल्यावरच माल. कवळीचेही तसेच असते. साधारण पाच भेटी लागतात. पहिल्या भेटीत जबड्याचे ढोबळ माप घेऊन प्लॅस्टरचा नमुना बनवतात. त्यावरून त्याच व्यक्तीसाठी ट्रे तयार होतो आणि दुसऱ्या भेटीत बारीक माप घेतले जाते. तिसऱ्या भेटीत दोन्ही जबड्यांतले अंतर आणि ओठांना लागणारा आधार मेणाच्या साहाय्याने ठरवतात. चौथ्या भेटीत मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहतात. ते पसंत पडले की मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून उष्णतेने पक्के करतात. पाचव्या भेटीत कवळी हाती येते.

यातली चौथी भेट सर्वांत मोलाची. दात मेणात असतात तोवर ते सहज हलवता येतात, नंतर नाही. पण आपले वडीलधारे तिथे संकोचाने गप्प बसतात. म्हणून त्यांचा चेहरा ओळखणारे कोणीतरी सोबत हवे. दात असतानाचा जुना फोटोही न्यावा.

बोलूनही पाहायला हवे. ‘फ़े’ उच्चारताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. डॉक्टर वरच्या दातांची लांबी योग्य आहे का, हे याच उच्चारावरून तपासतात. तजवीद शिकलेल्यांना हा मख़रज ठाऊकच आहे. अरबीतले से, ज़ाल आणि ज़ोय यांच्यासाठीही जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लागते. अम्मी रोज तिलावत करत असतील तर डॉक्टरांना तसे सांगा आणि मेणाचे दात घालून त्यांना काही शब्द म्हणायला लावा.

कवळी मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. सुरुवातीला हिरडीवर एखादी जागा दुखते. तेव्हा घरी कानस न चालवता डॉक्टरांकडून ती घासून घ्यावी. खालची कवळी वरच्यापेक्षा सैल वाटते, कारण तिला आधाराची जागा कमी आणि जीभ सतत हलती. मऊ पदार्थांपासून सुरुवात करून लहान घास दोन्ही बाजूंनी चावावेत. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. दात नसलेल्या जबड्याचे हाड हळूहळू झिजते, त्यामुळे काही वर्षांनी कवळीला आतून अस्तर भरावे लागते किंवा ती नवी करावी लागते. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखवावे. मिश्री-तंबाखूची सवय असेल तर अजिबात वेळ घालवू नये.

पिंपरीत संत तुकाराम नगरला डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे आणि मेट्रोचे स्थानकही त्याच नावाचे आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कवळीचाही समावेश आहे. आपल्या भागात शिबिर भरणार आहे का, याची चौकशी करावी.

मुलाची शिफ्ट, सुनेची कामे, नातवंडांची शाळा यांत एकाच माणसाला पाच भेटी जमणे अवघड जाते. त्या आपसांत वाटून घ्या, पण चौथी चुकवू नका. घरातल्या थोरांना सगळ्यांसोबत एकाच दस्तरख़्वानवर तेच सालन खाता यावे, यासाठी एवढी सवड काढायलाच हवी.